वृद्ध आईबापांचा हेकटपणा व पाचवी आज्ञा

आईबापांचा मान राखावा ही शिकवण आमच्या रविवारच्या शाळांत लहान मुलांकडून पाठ करून घेतली जाते. त्यामुळे पुष्कळांची अशी समजूत झालेली आहे की, ही आज्ञा मुख्यत्वे लेकरांकरिता आहे. मिसरूड फुटले की ती आपोआप सैल होते. ही समजूत चुकीची आहे, हे त्या दहा आज्ञा क्रमाने वाचून पाहणाऱ्या कोणाच्याही ध्यानात येईल. ज्या लोकांस व्यभिचाराविषयी बजावले, खोट्या साक्षीविषयी बजावले, शेजाऱ्याच्या बैलावर व गाढवावर डोळा ठेवण्याविषयी बजावले, ते पाटीदप्तराच्या वयाचे खचित नव्हते. ती बायकापोरांची, गुराढोरांची, पंचात बसणारी माणसे होती. मग त्यांचे आईबाप कोणत्या वयाचे असतील? दात पडलेले, कानांनी जड झालेले, आणि स्वभावानेही पुष्कळदा जड झालेले. तेव्हा ही आज्ञा मुळात कर्त्या माणसांस त्यांच्या म्हाताऱ्या आईबापांविषयी दिलेली आहे, असे आम्हांस वाटते.

आता ज्याची आई प्रेमळ, जिच्या तोंडातून नातवंडांस आशीर्वादच निघतो, त्यास ह्या आज्ञेचे ओझे वाटण्याचे कारण नाही. प्रश्न निराळाच आहे. ज्याचा बाप तोंडाळ आहे, भाकरी पुढे ठेवली तर ताट सरकवितो, आणि ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यास 'माझी पोरे मला उपाशी मारतात' असे सांगतो. किंवा ज्याची आई सुनेच्या प्रत्येक हालचालीत चोरी पाहते, त्याने काय करावे? असा मनुष्य उपासना आटोपल्यावर पाळकास एकीकडे घेतो आणि खाली पाहून विचारतो, 'पाळकसाहेब, मला आईचा रागच येतो. मी देवाचा अपराधी आहे काय?' ह्या प्रश्नास घाईने उत्तर देऊ नये, असे आम्ही आमच्या उपदेशक बंधूंस सांगू इच्छितो. त्यात त्या माणसाची कित्येक वर्षे साठलेली असतात.

आपल्या देशात ह्या विषयावर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी बहुधा एकाच बाजूच्या आहेत. श्रावणबाळाची कावड सर्वांस ठाऊक आहे. आता तर सरकारच्या वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेलाही त्याचेच नाव आहे. पंढरपूरच्या पुंडलिकाची कथा आमच्या शेजारीपाजारी घरोघर सांगतात. तो आधी आईबापांस छळीत असे व मग सुधारला, असे तीत आहे. पण दोन्ही कथांत परीक्षा होते ती मुलाची. आईबाप कसे होते, हे कोणी विचारीत नाही. ते आंधळे किंवा थकलेले आहेत, एवढे पुरते. महाभारतातील ययाती राजाची कथा तेवढी वेगळी. त्या बापाने आपले म्हातारपण मुलांस देऊन त्यांचे तारुण्य मागितले. ज्यांनी नाकारले त्यांस शाप दिला, आणि ज्या पुरूने दिले त्यास राज्य दिले. आमच्या वाचकांपैकी कित्येकांस हा बाप ओळखीचा वाटेल. प्रत्यक्ष तारुण्य कोणी मागत नाही हे खरे. परंतु मुलाचे लग्न, त्याची नोकरी, त्याचे निराळे बिऱ्हाड, ह्या सर्वांचा त्याग मागणारे आईबाप असतात, आणि न देणाऱ्यास शापही देतात.

कठीण आईबापांविषयी माणसाच्या मनात जो पहिला विचार येतो, तो देण्याघेण्याचा असतो. बापाने माझ्यासाठी केले काय? शेत दारूत घातले, आईस मारले, मला चौथीतून काढून गुरांमागे पाठविले. आता मी त्यास का पोसावे? हा विचार आजचा नाही. ग्रीस देशातील अथेन्स नगरीस ख्रिस्तापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी सोलोन नावाच्या पुरुषाने कायदे घालून दिले. त्यांपैकी एक असा होता, असे प्लूटार्क हा चरित्रकार सांगतो, की ज्या बापाने मुलास काही धंदा शिकविला नाही, त्यास म्हातारपणी पोसण्यास तो मुलगा बांधलेला नाही. कायदा सरळ आहे, आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळांच्या मनास तो पटण्यासारखाही आहे. मात्र सीनाय पर्वतावरच्या आज्ञेत अशी अट नाही. आमच्या देशाच्या कायद्यातही नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ प्रमाणे, आणि जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ प्रमाणे, न्यायाधीश एवढेच पाहतो की, आईबापांस स्वतःचा निर्वाह करता येतो की नाही, आणि मुलाजवळ ऐपत असून त्याने हयगय केली की नाही. बापाचा स्वभाव गोड होता काय, हे तो विचारीत नाही.

अट का नसावी? आम्हांस त्याचे कारण असे दिसते. आईबापांची सेवा ही कर्जफेड मानली, तर हिशेबाची वही ऋणकोच्याच हातात राहते, आणि आपल्या हातात वही आहे असे दिसले की मनुष्य सावकाराच्या नावावर जमा कमी दाखवितो. दुसरी अडचण उलट्या बाजूची आहे. कर्ज मानले तर चांगल्या मुलास ते कधीच फिटत नाही. आईने नऊ महिने पोटात वागविले, त्याची किंमत काय लावणार? असा मुलगा रात्रंदिवस खपतो, आईने एक टोमणा मारला की पुन्हा स्वतःस अपराधी ठरवितो, आणि शेवटी अंथरुणास खिळतो. परंतु सेवा ही कर्जफेड नसून पुढ्यात असलेल्या एका माणसाच्या गरजेला दिलेले उत्तर आहे असे धरले, तर दोन्ही गाठी सुटतात. बाप वाईट होता म्हणून गरज नाहीशी होत नाही. आणि गरज भागली म्हणजे त्या दिवसाचे कर्तव्यही भागते, मग बाप समाधानी असो वा नसो. कर्तव्यास अट नाही. पण मर्यादा आहे. पुष्कळ बिचाऱ्या मुलांस ह्याच्या अगदी उलट वाटत असते, आणि म्हणून ती एक तर सर्वच सोडून देतात, किंवा सर्वच डोक्यावर घेतात.

मूळ इब्री भाषेत ह्या आज्ञेत जे क्रियापद आहे, त्याच्या धातूचा अर्थ 'जड असणे' असा आहे. आणि आईबापांस शाप देण्याविषयी जेथे निषेध केला आहे, तेथील शब्दाचा धातू 'हलके असणे' ह्या अर्थाचा आहे. आपणही म्हणतो की, अमक्याच्या शब्दाला वजन आहे. तेव्हा आईबापांस वजन द्यावे, त्यांस हलके लेखू नये, इतके त्या आज्ञेत आहे. त्यांच्याविषयी मनात सदैव मायेचा उमाळा असावा, असे तीत सांगितलेले नाही. माया हुकुमाने येत नाही. प्रौढ मुलाने त्यांचा प्रत्येक शब्द झेलावा, असेही नाही. आमच्या प्रभूला त्याच्या घरचे लोक, ह्याला वेड लागले आहे असे समजून धरून नेण्यास आले, तेव्हा तो त्यांच्याबरोबर गेला नाही, हे मार्काच्या तिसऱ्या अध्यायात आहे; आणि वधस्तंभावर असता त्याने आपल्या आईची सोय लावली, हे योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. ह्या दोन गोष्टी एकाच पुत्राच्या आहेत.

कर्तव्याचा विचार करण्याआधी मात्र एक चौकशी अवश्य करावी, आणि ती आमच्या खेड्यांत क्वचितच होते. हा हेकटपणा स्वभावाचा आहे की दुखण्याचा? 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण सर्वच म्हातारचळाच्या खाती टाकून मोकळे होतो. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ह्या ग्रंथाच्या आरंभी केफालस नावाचा एक म्हातारा असे म्हणतो की, वृद्ध लोक ज्या तक्रारी करतात त्यांचे मूळ वयात नसून स्वभावात असते. त्यात तथ्य आहे. चाळिशीत जो तिरसट होता तो सत्तरीत गोड होत नाही. तथापि जो मनुष्य जन्मभर सालस होता आणि आता एकाएकी शिव्या देऊ लागला, त्यास केफालसचा नियम लावणे हा अन्याय होय. बदल चार दिवसांत झाला असेल, रात्री बडबड व दिवसा गुंगी असेल, तर लघवीच्या मार्गातील किंवा छातीतील संसर्ग, अंगातील पाणी वा क्षार कमी होणे, एखादे नवे औषध, ह्यांपैकी काही असू शकते. काही आठवड्यांपूर्वी म्हातारा पडून डोक्यास मार लागला असेल, तर आत हळूहळू रक्त साठल्यानेही असे होते. अशा वेळी उपदेश नको. त्याच दिवशी तालुक्याचे रुग्णालय गाठावे. बदल महिन्या-वर्षांनी हळूहळू झाला असेल, ठेवलेली वस्तू सापडत नसेल व ती दुसऱ्याने चोरली असे वाटत असेल, तर तो मेंदूचा रोग असण्याचा संभव आहे. आल्झायमर ह्या जर्मन वैद्याने १९०६ साली ज्या बाईच्या दुखण्याचे वर्णन केले, तिलाही विस्मरणाबरोबर असाच संशय जडला होता. कानांनी ऐकू येत नसले, तरी मनुष्य संशयी होतो. चूलीपाशी दोघी हळू बोलू लागल्या की त्यास आपलीच निंदा चालली आहे असे वाटते. कित्येकदा कानात नुसता मळ साठलेला असतो.

जी म्हातारी जेवून हात धुते आणि घटकाभराने शेजारणीस सांगते की मला सकाळपासून घास दिला नाही, ती बहुधा लबाडी करीत नसते. जेवल्याचे तिला स्मरणच नसते. तिच्यापुढे खरकटे ताट आणून दाखवू नये, नातवास साक्षीला बोलावू नये. अर्धी भाकरी ताकात कुस्करून द्यावी आणि दुसरा विषय काढावा. हे खोटे वागणे नव्हे.

दुखण्याखेरीज काही वेळा म्हाताऱ्यांच्या विचित्रपणामागे जुने भय असते. आमच्या समाजातील थोर लेखिका लक्ष्मीबाई टिळक ह्यांनी 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्रात, जे १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले, आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे वर्णन केले आहे. सारे घर त्या धुण्याधुवण्यापायी जेरीस आले होते. पण त्या वेडाचे मूळही त्यांनी लपविलेले नाही: १८५७ च्या धामधुमीत वडिलांच्या सासऱ्यांस फाशी झाली, आणि त्या धक्क्यापासून हे सुरू झाले. बाईंनी त्रास झाल्याचे साफ लिहिले, हसतहसत लिहिले, आणि बापास हलके केले नाही. वजन देणे म्हणजे काय, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी ती पाने वाचावी.

येथवर आम्ही मुलाविषयी बोललो. परंतु आमच्या घरांत प्रत्यक्ष खपतो कोण? मुलगा शेतावर किंवा कामावर जातो. म्हाताऱ्याचे धोतर धुते ती सून, शिव्या खाते ती सून, आणि संध्याकाळी मुलगा घरी आला की 'तुझ्या बायकोने मला' अशी जी फिर्याद सुरू होते, ती तिच्याचविरुद्ध. ह्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे व ते काहींस रुचणार नाही. त्या म्हातारीने ज्यास पाळण्यात जोजविले तो मुलगा आहे. सुनेस तिने जोजविले नाही. आज्ञेतही आपला बाप व आपली आई असेच म्हटले आहे. मुलाने आपले कर्तव्य बायकोच्या अंगावरून पार पाडावे आणि मंडळीत आईबापांचा भक्त म्हणून मिरवावे, हा मान राखणे नव्हे. आईबाप व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा जो कायदा २००७ साली झाला, त्यात 'अपत्य' ह्या शब्दाची व्याख्या करताना मुलगा, मुलगी, नातू व नात ही नावे घातली. सून त्या व्याख्येत नाही. शिवाय लग्न झालेली मुलगीही आईबापांच्या निर्वाहास बांधलेली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली एका खटल्यात ठरविले, आणि तो खटला आपल्या महाराष्ट्रातलाच होता.

येथे कोणी रूथेचे नाव घेईल. अवश्य घ्यावे, पण तो ग्रंथ नीट वाचावा. नामी ही कठीण सासू होती. नवरा व दोन मुलगे गेल्यावर तिचे मन कडू झाले, इतके की आपल्याला कडू अर्थाच्याच नावाने हाका मारा असे ती बेथलेहेमच्या बायांस म्हणाली, आणि देवाने मला रिकाम्या हातांनी परत आणले अशीही तक्रार तिने केली. त्या वेळी घरदार सोडून तिच्यामागे आलेली सून शेजारीच उभी होती! आमच्या किती सुनांनी हे ऐकले असेल. तरी रूथेने त्याचा राग धरल्याचे लिहिलेले नाही. पुढे ती सरवा वेचण्यास गेली. परंतु हेही पाहावे की, दुसरी सून अर्पा रडून, मुका घेऊन माहेरी परत गेली, आणि तिला त्या ग्रंथात एका शब्दानेही दोष दिलेला नाही. नामीने तर दोघींस आशीर्वाद देऊनच निरोप दिला होता. म्हणजे रूथेची सेवा हे दान होते. दान घेणाऱ्या मुलाने त्यास कर्ज म्हणू नये, आणि ते रोज हक्काने वसूल तर मुळीच करू नये. आईची फिर्याद आली की निदान बायकोपुढे, 'तू दिवसभर केलेस ते मी पाहतो', एवढे तरी त्याने बोलावे.

दारू पिणाऱ्या किंवा हात उगारणाऱ्या बापाविषयी थोडे. नोहा द्राक्षारस पिऊन उघडा पडला असता त्याच्या दोन मुलांनी पाठमोरे चालत जाऊन त्याच्यावर वस्त्र घातले. त्यांनी बापाची लाज झाकली. तो शुद्धीवर होता असे मात्र कोणास सांगितले नाही, आणि त्यास आणखी रस आणून दिल्याचेही कोठे लिहिलेले नाही. तेव्हा बापास भाकरी द्यावी, औषध द्यावे, अंथरूण-पांघरूण द्यावे. गुत्त्यासाठी पैसे देऊ नयेत, आणि नाही म्हणताना चार लोकांत म्हणू नये. सुनेवर वा नातवंडांवर हात टाकणारा बाप एकाच छपराखाली ठेवलाच पाहिजे असे नाही. गावातच निराळी खोली करून दोन वेळचा डबा पाठविणारा मुलगा आज्ञा मोडतो, असे आम्ही तरी म्हणणार नाही. बापाचे निवृत्तिवेतन बँकेत येत असेल तर ते त्याचे आहे. ते परस्पर काढून खर्चणे ही चोरीच होय, मग बाप कितीही वाईट असो.

आमच्या उपदेशक बंधूंस एक शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. देवास अर्पण केले असे म्हणून आईबापांस द्यावयाचे ते टाळणाऱ्यांस प्रभूने कोणत्या कडक शब्दांत दोष दिला, ह्यावर आपण उपदेश करतो. मग आठवड्यातून सहा दिवस वाड्यावस्त्यांवर फिरावयाचे आणि अंथरुणाला खिळलेली आई बायकोवर सोपवावयाची, ह्याचे नाव काय? आईचे अंग पुसण्याचे काम पुरुषाच्या हातांस जमत नाही, असे आम्हांस एकाने सांगितले होते. रुग्णालयांत ते काम पगारी पुरुष परक्या लोकांचे करतात.

आणि मंडळीनेही नळावर, ओट्यावर म्हातारीने केलेली फिर्याद ऐकून लागलीच निकाल देऊ नये. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा दोन घटका कोणी तिच्याजवळ बसले, तर घरच्यांस बाजार करता येईल, झोप घेता येईल. नाताळात पुण्या-मुंबईहून येणाऱ्या लेकींची गोष्ट तर आमच्या नित्य पाहण्यातली आहे. आईसाठी लुगडे, मिठाई येते. आई दोन दिवस लेकीपाशी गोड बोलते, मग डोळे पुसत आपले हाल सांगते, आणि जाण्याच्या आदल्या रात्री भावास व भावजयीस बोल लावून लेक गाडीत बसते. त्या बहिणींस आमची विनंती आहे की, येत्या खेपेस पंधरा दिवसांची रजा काढून यावे, भावजयीस मुलांसह तिच्या माहेरी पाठवून द्यावे, आणि आईच्या खोलीत आपले अंथरूण घालावे. दोनदा जेवून तिसऱ्यांदा ताट मागणारी आई, रात्री दोन वाजता 'चोर, चोर' म्हणून ओरडणारी आई, तीही त्यांचीच आहे. भावजय परत आल्यावर तिच्याशी काय बोलावे, हे मग आम्ही सांगण्याची गरज राहणार नाही.